खालच्या फांदीची पानं

९ एप्रिल

प्रिय वहिनी,

पोचले एकदाची. सामान उतरवलं, खोली झाडली, आणि आधी तुला पत्र लिहायला बसले. टेकडी आडवी येते म्हणून इथे फोनचा पत्ता नसतो, तेव्हा यंदाही पत्रांवरच भागवायचं. तुझी चेष्टा सुरू होण्याआधीच सांगते, हो, मला पत्रं लिहायला आवडतात.

खोली तीच आहे, पत्र्याची. दुपारी भट्टी असते आणि पहाटे गारठा. खिडकी उघडली की पहिलं ओकचं झाड अगदी तोंडासमोर. कोवळी पानं आत्ताच फुटायला लागलीयेत. गंमत म्हणजे सगळ्या झाडांना एकाच वेळी फुटत नाहीत, कुणाला घाई असते तर कुणी मस्त ताणून झोपलेलं.

मागच्या वेळी तू विचारलं होतंस, नेमकं करतेस तरी काय, आणि मी नेहमीसारखं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता नीट ऐक. या राईत ओकच्या दोन जाती आहेत. एकीच्या पानाच्या कडेला खोल खाचा, दुसरीच्या उथळ. दोघी शेजारी वाढतात, एकीचा पराग दुसरीवर जातो आणि मधली, मिश्र झाडं होतात. प्रत्येक झाडाच्या माथ्यावर किड्यांचं आख्खं गाव असतं. पानं खाणाऱ्या अळ्या, पानाच्या आत बोगदे करणारे, गाठी करून त्यात राहणाऱ्या बारीकशा माश्या, आणि या सगळ्यांना खाणारे. मला बघायचंय की झाड शुद्ध आहे की मिश्र, यावर ते गाव बदलतं का. आत्तापर्यंतचं उत्तर असं की शुद्ध झाडांवर किडे जास्त, मिश्रांवर कमी. सर भलतेच खूश आहेत. त्यांचं निवृत्तीचं वर्ष, आणि हाती असा छान निष्कर्ष!

हा शेवटचा हंगाम. ऑक्टोबरच्या शेवटी प्रबंध सरांच्या हातात देते आणि घरी येते. मग आई माझी. दादा गेल्यापासून तू एकटीने ओढलंस, आता पुरे. मी शब्द दिलाय तो लक्षात आहे.

तुझी,
किडूबाई

०

२१ एप्रिल

किडूबाईस,

अनेक उत्तम आशीर्वाद वगैरे. पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, किड्यांचं गाव बघायला एवढ्या लांब कशाला गेलीस, आपल्या तांदळाच्या डब्यात बघ." मी आपली हसले. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूने हसले, तुला वाटू दे तुझ्या बाजूने.

इथलं सगळं जागच्या जागी आहे. आईही जागच्या जागी. खुब्याचं हाड सांधलं पण पाय काही तीन मजले उतरायला तयार नाही, आणि लिफ्ट बंद. खालचा रस्ता बघायला मिळावा म्हणून त्यांची खुर्ची खिडकीपाशी लावते. तिथून त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालण्यावर शेरे मारतात. मी सकाळी त्यांचं उरकून धुलाईच्या दुकानात जाते, काउंटरवर कपड्यांना चिठ्ठ्या लावते, दुपारी पळत येऊन त्यांना जेवायला घालते, पुन्हा पळते. जिना चढून चढून माझ्या पोटऱ्या पैलवानासारख्या झाल्यात.

एक मात्र झालं. इमारतीच्या कमिटीला अखेर लाज वाटली आणि त्यांनी लिफ्टवाले बोलावले. ते आले, सगळं उघडून बसले आणि म्हणाले, हिचा एक भाग आता कुठे मिळतच नाही, करून घ्यावा लागेल. बघू. बिचारे घामाघूम झाले होते, त्यांना चहा दिला.

ऑक्टोबरचं मी भिंतीवर लिहून ठेवलंय असं समज. मलाही एके ठिकाणी जायचंय. कामाचंच आहे. तू आलीस की सांगेन. पण तू ये. मी कधी काही मागत नाही, हे मात्र मागते.

तुझी वहिनी

०

३ जून

प्रिय वहिनी,

हात दुखतोय, म्हणून अक्षर असं. तुला माहीतेय मी उंचीला किती घाबरते. पण यंदा किडे अगदी माथ्यावरचे हवेत असं ठरलं, आणि चढायचं कुणी तर मी. इथे दोरांचं काम करणारी एक बाई आहे, तिला सगळे खार म्हणतात. तिने मला पट्ट्यांत आवळलं, दोराला अडकवलं, आणि म्हणाली, "खाली बघायचं नाही, माझ्याशी भांडत राहायचं." भांडत भांडत वर पोचले! वर फांदीखाली पांढरी चादर धरायची, फांदीवर काठीने दणका द्यायचा, आणि जे पडेल ते चिमट्याने उचलून स्पिरिटच्या बाटलीत. पहिल्या दणक्याला इतकं काय काय पडलं की मी भीतीच विसरले.

पण एक कोडं पडलंय. आमच्या यादीत जे झाड शुद्ध उथळ खाचांचं आहे, त्याच्या माथ्यावर मला दोन्ही जातींच्या ओकवर होणाऱ्या गाठी सापडल्या. या गाठी करणाऱ्या माश्या भारी चोखंदळ असतात गं, परक्या झाडाकडे ढुंकून बघत नाहीत. एखादी चुकून आली असेल म्हणावं, तर चांगला मेळा भरलेला. बघते अजून.

लिफ्टचं काय झालं? मागच्या दोन्ही चिठ्ठ्यांत तू लिफ्टबद्दलच लिहिलंयस. आईला खाली न्यायचं तू किती मनावर घेतलंयस, वाचून मला भरून आलं. सख्खी मुलगी इथे झाडावर लटकतेय आणि सून लिफ्टचा पाठपुरावा करतेय.

तुझी,
किडूबाई

०

२० जून

किडूबाई,

तुझं भरून आलेलं आवर. ऐक, आमच्याकडे काय झालं ते.

लिफ्टवाल्यांनी तो भाग कुठूनतरी करून आणला. म्हणाले, रिकामी चालवून बघितली, आता माणूस घालून बघू. मी म्हटलं, मी येते. त्यांच्यातला एकजण आणि मी आत शिरलो, दार लागलं, ती मेली एक मजला चढली आणि दोन मजल्यांच्या मध्ये मान टाकून उभी राहिली. दिवा गेला. त्याची हत्यारं बाहेर! वरून आई ओरडतायत, "अगं, कुठे गेलीस?" मी आतून ओरडतेय, "इथेच आहे!" त्या म्हणतात, "इथे म्हणजे कुठे?" शेवटी खालच्या दुकानातल्या पोराने जाऊन कमिटीच्या माणसाला हुडकून आणलं, तोवर आम्ही आतच.

काय सांगू तुला, मला बाहेर पडावंसंच वाटेना. कुणी हाक मारली तरी जाता येत नाही, कुणाचं काही करता येत नाही, नुसतं खाली टेकून बसायचं. किती वर्षांत मी अशी बसले नव्हते. आम्ही गप्पा मारल्या. त्या लिफ्टवाल्याची बायको फार पूर्वी त्याला सोडून गेली. मी तुझ्या दादाबद्दल बोलले. खूप बोलले.

लिफ्ट पुन्हा बंद. आई म्हणाल्या, "हा माणूस मोठा हुशार, काम संपतच नाही त्याचं."

तुझं कोडं सुटलं का? आणि ऑक्टोबर पक्का ना? एवढंच सांग.

वहिनी

०

१६ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

मध्ये पत्र नाही, रागावू नकोस. इथे हवा फार वाईट होती. ओल्या दोरावर चढता येत नाही, त्यामुळे बरेच दिवस वाया गेले. काम मागे पडलंय. सरही म्हणतात घाई नको.

सांगायचं म्हणजे ऑक्टोबरचं जरा अवघड दिसतंय. कदाचित पुढचा एक हंगाम लागेल. एवढी वर्षं गेली तशी आणखी थोडी कळ काढ. आईची औषधं मागवून ठेवलीस का? तिला माझा नमस्कार सांग.

तुझी,
किडूबाई

०

२३ ऑगस्ट

तुझं पत्र मिळालं. प्रिय वगैरे घालत नाही, कारण आत्ता तू मला प्रिय नाहीयेस.

हवा वाईट होती म्हणे! तीन वर्षं मी तुझी पत्रं वाचतेय. हवा वाईट असते तेव्हा तू पानंच्या पानं लिहितेस, कारण तुला दुसरं काही करायला नसतं. या वेळी एवढीशी चिठ्ठी. म्हणजे काहीतरी झालंय आणि ते तू माझ्यापासून लपवतेस. मी वेडी नाही.

मीही लपवलं, ते आता सांगते. मी कामासाठी जाणार नव्हते. लिफ्टवाल्याने मला लग्नाचं विचारलंय आणि मी हो म्हटलंय. पहिल्या चहापासून तो मला आवडला, मी काय करू? त्याच्या कंपनीने त्याची दुसऱ्या शहरात बदली केलीये. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला हजर व्हायचंय. मी तुझ्या शब्दावर त्याला शब्द दिला.

आईंना आमच्याबरोबर घेऊन जाऊ का, असं त्याने स्वतःहून विचारलं. मीच नको म्हटलं. आईंना मुलाच्या जागी दुसरा माणूस बघायला लावू? आणि खरं सांगू, मला तिथे पुन्हा सून व्हायचं नाहीये. मला काही दिवस नुसतं मी व्हायचंय. हे एकदा खोडलं, पण पुन्हा लिहिलं.

तू म्हणतेस कळ काढ. तुला ठाऊक आहे का, मी दुकानातून घरी येते तेव्हा पहिल्या मजल्यावर थांबते. दम लागतो म्हणून नाही. वर जायचं नसतं म्हणून. रोज तिथे उभी राहून स्वतःला समजावते आणि मग वर येते. आई वाईट नाहीत. त्यांच्यावर माझी मायाही आहे. पण गुदमरतेय गं मी.

तुझ्या दादाला मी विसरले असं तुला वाटेल. वाटू दे. पण कारण खरं सांग.

वहिनी

०

६ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी मी रडले, मग तुझा राग आला, मग स्वतःचा. लिफ्टचा पाठपुरावा, आणि मी तुला शाबासकी देत होते. केवढी बावळट मी! दादाच्या जागी कुणी येणार हे मला आवडलं नाही, खोटं बोलणार नाही. पण तू हो म्हटलंस ते बरं केलंस. हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला.

आता खरं कारण.

या राईत झाडं ओळखायची एक रीत आहे, सरांच्याही आधीपासूनची. लांब काठीला आकडी लावायची, खालच्या फांदीवरची पानं ओढायची, कागदावर दाबून वाळवायची आणि खाचा मोजून ठरवायचं, हे शुद्ध, हे मिश्र. सगळे तसंच करत आले, मीही केलं. वर चढतंय कोण! सुरुवातीला चार-दोन झाडांची जनुकं तपासली होती, ती जुळली, म्हणून बाकीच्यांवर कुणी शंका घेतली नाही.

आता मी वर जाते ना, तर किडे गोळा करता करता सहज माथ्यावरची पानं खिशात टाकून आणली. खाली येऊन खालच्या फांदीच्या पानाशेजारी ठेवली, आणि डोकंच गरगरलं. एकाच झाडाची पानं, पण बहिणीही वाटू नयेत. खालचं पान सावलीतलं. सावलीत पान मोठं होतं, पातळ होतं, आणि त्याच्या खाचा बुजतात. वर उन्हातलं पान लहान, जाड, आणि खाचा खऱ्या. म्हणजे आम्ही सगळ्या राईला सावलीवरून ओळखत होतो. ज्यांना शुद्ध उथळ म्हटलं, त्यांतली निम्म्याहून अधिक मिश्र निघतायत. ज्यांना मिश्र म्हटलं, ती बरीचशी शुद्ध खोल खाचांची, नुसती सावलीत खाच बुजलेली. मी गुपचूप आणखी झाडांची जनुकं तपासायला पाठवली होती. रिपोर्ट आला. तेच.

त्यामुळे निष्कर्ष पार उलटा झालाय. किडे मिश्र झाडांवरच जास्त आहेत. दोन्ही जातींचे आपापल्या ओळखीच्या पानाला येतात, आणि मिश्र झाडं आपसातही सारखी नसतात. कुणाचं पान लवकर फुटतं, कुणाचं उशिरा, कुणाचं कडू, कुणाचं जरा कमी कडू, त्यामुळे कुणा ना कुणाला कायम जेवण मिळतं. त्या माश्या केव्हापासून हे सांगत होत्या आणि मी त्यांनाच चुकीचं ठरवत होते.

हे अजून कुणाला माहीत नाही. सर खुर्चीतून उठायच्या तयारीत आहेत. आहे तसा प्रबंध दिला तर सही होईल आणि ऑक्टोबरच्या शेवटी मी तुझ्या दारात उभी असेन. खरं सांगितलं तर प्रत्येक झाडाच्या माथ्यावरून पुन्हा सुरुवात, म्हणजे एक आख्खा हंगाम.

आणि आणखी एक आहे, तेही सांगूनच टाकते. मला घरी यायचं नाहीये. रिपोर्ट हातात आला तेव्हा भीती वाटली, पण त्याच्या आत कुठेतरी मी सुटले असं वाटलं. आता यावं लागणार नाही, असं. त्या खोल्या, ती खिडकी, आईचं ते प्रत्येक गोष्टीत खुसपट काढणं. लहानपणीसुद्धा मी गॅलरीत जाऊन मुंग्या बघत बसायचे ती याच कारणाने. चूक खरी आहे वहिनी, पण मी तिच्यामागे लपलेय तेही खरं आहे.

तू सांग, काय करू? तू म्हणशील ते करते.

किडूबाई

०

१३ सप्टेंबर

किडूबाई,

मी म्हणेन ते करणार? वा गं वा! म्हणजे उद्या खोटा प्रबंध दिलास तरी माझ्यामुळे, आणि मी अडकून पडले तरी माझ्याच तोंडाने. हे खापर माझ्या डोक्यावर फोडायचं नाही. मला तुझ्या खाचा-बिचा कळत नाहीत. पण तुला कळतात ना? मग जे कळलंय ते तू लिहिणार नाहीस, असं मी धरूनच चालत नाही. खोटं देऊन आलीस तर रोज आईंसमोर बसून मनातल्या मनात मला शिव्या देशील. मला तसली सुटका नको.

आणि तुला घरी यायचं नाही, हे तू मला सांगतेस! मला तरी कुठे राहायचंय? पण मी राहिले. तुला न आवडणारी आई मी चार वर्षं आवडून घेतली.

मी आईंना सगळं सांगितलं. तुझ्या आधी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी आधी ताट पुढ्यात ओढलं. जेवल्या, हात पुसले, आणि म्हणाल्या, "लिफ्ट दुरुस्त करायला आला आणि सून घेऊन चालला." मग हसल्या, मग तोंड फिरवलं. त्यानंतर आम्ही दोघी जे काय रडलो, ते तुला सांगत नाही.

तीन नोव्हेंबरला मी निघतेय. तू आलीस तर किल्ली तुझ्या हातात देईन. नाही आलीस तर खालच्या मजल्यावरच्या बाई आणि एक पगारी नर्स दिवसातून दोनदा येतील. आईंना ते मुळीच पसंत नाही, आणि मलाही नाही. तरी मी निघेन. याहून मी पुढे जाऊ शकत नाही.

वहिनी

०

१५ डिसेंबर

प्रिय वहिनी,

नव्या पत्त्यावर हे माझं पहिलं पत्र. घर लागलं का? त्यांना नमस्कार सांग. अजून मला त्यांना काय म्हणायचं कळत नाही, तेव्हा तूर्त नमस्कारावर भागव.

त्या दिवशी किल्ली घेताना आपण धड बोललोही नाही, तुझी गाडी निघायची होती. म्हणून राहिलेलं लिहिते. सरांसमोर मी एकाच झाडाची दोन पानं ठेवली, वरचं आणि खालचं. ते आधी संतापले. म्हणाले, शंका असलेली झाडं वगळ आणि पुढे चल. मी म्हटलं, मग झाडंच उरत नाहीत. दोन दिवस ते जुने कागद काढून बसले. तिसऱ्या दिवशी ती दोन पानं हातात घेऊनच आले आणि म्हणाले, "राईतल्या झाडांवरच्या आपल्या सगळ्या पाट्या काढून टाका." त्यांच्या निवृत्तीला सगळे गोड गोड बोलले, ते मात्र सारखे खिडकीबाहेर बघत होते. मला फार वाईट वाटलं.

पुढचा हंगाम खार चढणार आहे. ती माथ्यावरची पानं आणि बाटल्या पार्सलने इथे पाठवेल, आणि किडे वेगळे करून ओळखायचं काम मी इथेच करीन. कुणाच्या तरी ओळखीने सूक्ष्मदर्शक मिळालाय, तो जेवणाच्या टेबलावर मांडलाय. स्पिरिटच्या वासाने आई वैतागते. म्हणते, घराचा दवाखाना केलास. मागच्या खेपेच्या बाटल्या उघडल्यात सध्या. काल एक गाठ कापली, तर आतली माशी पंख मिटून तशीच होती, बाहेर पडायच्या आधीच मेलेली. आईने विचारलं, काय बघतेस? मी म्हटलं, काही नाही.

वहिनी, तू म्हणाली होतीस त्या पहिल्या मजल्यावर मीही थांबते. मला वाटलं होतं, महिना-दीड महिन्यात सवय होईल. नाही होत. राई इतकी आठवते की कधी कधी हात आपोआप दोर पकडायला वर जातो. मी चुकले असं नाही म्हणत. पण हे अवघड आहे, आणि तू हे चार वर्षं केलंस आणि मला पत्रातून विनोद पाठवलेस. कसं केलंस गं?

आणि आई. तुला वाटेल मुलगी आली म्हणून ती खूश असेल. ती मला पाहुणीसारखी वागवते. उशी मी लावली की हळूच सरकवते, चहा केला की "छान आहे" म्हणते आणि अर्धा ठेवते. तुझ्याशी ती भांडायची ना, माझ्याशी भांडतच नाही. जिन्यात पाऊल वाजलं की दाराकडे बघते आणि म्हणते, "आली वाटतं." मी समोर बसलेली असते वहिनी, आणि ती म्हणते, आली वाटतं. रोज. आधी मला सांगावंसं वाटायचं, आई, मी तुझी मुलगी आहे, मी आलेय. आता सांगत नाही. "नाही गं, शेजारच्यांचं पाऊल," एवढंच म्हणते.

मी पत्र लिहितेय हे बघून तिने निरोप दिलाय, सणावाराचं निमित्त कशाला हवं, चार दिवस येऊन जा म्हणावं. तिचा निरोप तुला पोचवायला हवा म्हणून पोचवला.

तू येऊ नकोस. चार दिवसांसाठी आलीस तर ती तुझा हात सोडणार नाही, आणि तुला तो सोडवून घेता येणार नाही, मी तुला ओळखते. आणि पाचव्या दिवशी तू पुन्हा निघालीस, तर मीच जिन्यात आडवी पडून तुला अडवीन, इतकी मला तुझी गरज आहे. म्हणून सांगते. पुढची निदान दोन-तीन वर्षं तरी, कितीही बोलावलं, मी बोलावलं तरीसुद्धा, येऊ नकोस.

तुझी,
किडूबाई